स्टेशन रोज पहाटे परत द्यायचं असतं

प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्याच्या एका तरुणाने स्थापत्य पदविका पूर्ण केली आहे. ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या एका स्टेशनात पादचारी पूल, फलाटावरचं नवं छप्पर आणि फलाटाची फरशी अशी कामं निघाली आहेत. तिथल्या उपठेकेदाराने त्याला सेफ्टी सुपरवायझर म्हणून घेतलं आहे. तो विचारतो, "साइट इंजिनीअर म्हणतात, हेल्मेट आणि जॅकेट घालायला लाव, रोज ग्रुपवर फोटो टाक, रजिस्टरवर सह्या कर, झालं तुझं काम. खरंच एवढंच असतं का? आणि कधीकधी रजिस्टर आधीच भरून सहीला येतं, तेव्हा काय करायचं?"

सहीचं शेवटी बोलू. काम काय आहे ते समजल्याशिवाय सही कशाची करायची हे कळणार नाही.

मी रेल्वेच्या वर्क्स शाखेत बरीच वर्षं काढली, बहुतेक मुलुंड ते कल्याण या पट्ट्यात. निवृत्तीनंतर काही वर्षं ठेकेदारांच्या बाजूने सेफ्टी पाहिली. त्यामुळे दोन्हीकडच्या सबबी मला पाठ आहेत. हेल्मेट हवंच, त्यावर वाद नाही. पण स्टेशनातल्या कामात ज्या प्रसंगांनी माझी झोप उडवली, त्यातले फार थोडे हेल्मेटने टळले असते.

घोडबंदर रोडला टॉवर उभा राहतो, तेव्हा साइटला फाटक असतं. संध्याकाळी फाटक लागलं की पसारा आत राहतो आणि सकाळी काम तिथूनच पुढे सुरू होतं. स्टेशनात तसं नाही. रात्री शेवटची लोकल गेली की तुम्हाला ब्लॉक मिळतो, म्हणजे गाड्या बंद ठेवून कामाला दिलेला वेळ. कागदावर तीन-साडेतीन तास, हातात बऱ्याचदा दोनच. पहाटेच्या पहिल्या लोकलआधी ती जागा होती तशी परत करायची. म्हणजे तुमची साइट रोज रात्री उघडते आणि रोज पहाटे हजारो माणसांच्या पायाखाली जाते. माझ्या मते स्टेशनावरच्या सेफ्टी सुपरवायझरचं निम्म्याहून जास्त काम या परत देण्यात आहे, म्हणजे ब्लॉकचा शेवटचा अर्धा तास आणि गाड्या सुरू झाल्यावरचा पहिला तास. ग्रुपवरचे फोटो मात्र ब्लॉकच्या सुरुवातीचे असतात, सगळे रांगेत उभे, जॅकेटं नवी कोरी.

एक प्रसंग सांगतो. स्टेशनाचं नाव नको. परांचीचं काम होतं, शेजारीच गाडीचा मार्ग बदलणारा सांधा होता. आम्ही आत नेलेल्या प्रत्येक वस्तूची मोजदाद ठेवायचो. त्या रात्री रुळावरच्या कामासाठी चौदा क्लॅम्प आत गेले आणि बाहेर तेरा आले. सांध्याच्या फटीत क्लॅम्प अडकला तर सांधा बसत नाही, सिग्नल पडत नाही. रुळावर राहिला तर काय होईल ते सांगायला नको. मी ब्लॉक सोडायला, म्हणजे रूळ गाड्यांना परत द्यायला, नकार दिला. टॉर्च घेऊन सहा माणसं खडी चाळत होती, गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल रूमचे फोन येत होते, आणि ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या घरचं लग्न मोडतोय. अकराव्या मिनिटाला क्लॅम्प सापडला, मुकादमाच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली. मला लेखी खुलासा द्यावा लागला. दुसऱ्या दिवसापासून मी क्लॅम्पना पिवळा रंग लावून घेतला आणि पिशव्या रुळापलीकडे ठेवायला सांगितल्या. मोजदाद सोडली नाही.

तेव्हा पहिली वही ही: काय आत गेलं, काय बाहेर आलं. नट आवळायचे पाने, पहार, क्लॅम्प, ग्राइंडर, केबल, माणसं. होय, माणसंही. ब्लॉक संपताना मुकादम "सगळे आले" म्हणतो, तेव्हा त्याला नावं घ्यायला लावा. छपराच्या टोकाला किंवा फलाटाच्या अंधाऱ्या कडेला एखादा दमून झोपलेला असतो.

आता ब्लॉकबद्दल, कारण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ब्लॉक मागितला आणि ब्लॉक मिळाला यात कधी तासाचं अंतर असतं, कधी तो मिळतच नाही. कंट्रोलरने मंजुरी दिली, स्टेशन मास्तर आणि रेल्वेचा सुपरवायझर यांच्यात प्रायव्हेट नंबरची, म्हणजे निरोप खरा असल्याची खूण म्हणून द्यायच्या गुप्त आकड्याची, देवाणघेवाण झाली, ती वहीत नोंदली, त्यानंतरच ब्लॉक. "साहेबांनी सांगितलंय, शेवटची गेली की चढा" हा ब्लॉक नव्हे. शेवटच्या लोकलनंतर रिकामा रेक, म्हणजे प्रवासी नसलेली गाडी, जाऊ शकतो, वरच्या तारेची देखभाल करणारी टॉवर वॅगन येऊ शकते. त्यांना तुमचं वेळापत्रक माहीत नसतं. रेल्वेचा सुपरवायझर जागेवर नसताना ठेकेदाराने रुळालगत काम सुरू करायचंच नाही, हा नियम रेल्वेमार्गाच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट आहे. ठेकेदाराच्या सुपरवायझरला सहायक विभागीय अभियंत्याकडून सक्षमता प्रमाणपत्र मिळतं. ते त्याच एका कामापुरतं चालतं. तुमच्याकडे ते आहे का? नसेल तर हेल्मेटआधी ते मागा.

दुसरं, ट्रॅफिक ब्लॉक आणि पॉवर ब्लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅफिक ब्लॉकमध्ये गाडी येणार नाही. वरच्या तारेत वीज असणारच नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आपल्या साइटवर घात होतो तो एका शब्दाने. कोणीतरी ओरडतं, "लाइन बंद है!" रुळाची लाइन की विजेची लाइन? गंगाखेडचा बिगारी आणि मालद्याचा वेल्डर यांनी त्याचे दोन अर्थ घेतले तर त्यांची चूक नाही. मी माझ्या कामावर 'लाइन' हा शब्दच बंद केला होता. 'रूळ' म्हणा किंवा 'तार' म्हणा. हसले आधी, मग सवय झाली.

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर एकेकाळी १५०० व्होल्ट डीसी होतं. ते बदलून २५,००० व्होल्ट एसी करण्याचं काम २०१५-१६ च्या सुमारास पूर्ण झालं. जुन्या मुकादमांच्या अंगात अजून डीसीच्या काळातली बेफिकिरी आहे, ती तुम्ही उतरवायची. २५ हजार व्होल्टला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं की पुरतं. जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत पॉवर ब्लॉक आणि लेखी परमिटशिवाय माणूस नाही, अवजार नाही, ओली दोरी नाही. पॉवर ब्लॉक मिळाला म्हणजे फक्त कुठेतरी स्विच उघडला आहे. तार मेली आहे हे विद्युत विभागाचे कर्मचारी तपासतात, कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे अर्थिंगचे रॉड लावतात आणि मग परमिट देतात. ते रॉड स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दोन्ही बाजूंचे. शेजारच्या मार्गाची तार जिवंत असेल तर बंद तारेतही प्रेरणेने (इंडक्शनने) विजेचा दाब येतो, म्हणून एका बाजूचा रॉड पुरत नाही. परमिट परत दिलं त्या क्षणापासून तार जिवंत धरायची, मग वर एक नट बसवायचा राहिला असला तरी. "दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की माझा हात आपोआप शिट्टीकडे जातो.

साधा हिशोब बघा. तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर. फलाट रुळापासून जवळजवळ एक मीटर उंच. म्हणजे फलाटावर उभ्या माणसाच्या पायापासून तार साडेचार-पावणेपाच मीटरवर. सळई येते बारा मीटरची. दोन माणसांनी ती आडवी उचलली तर ठीक. एकाने वळवताना टोक वर केलं की संपलं. ॲल्युमिनियमची शिडी, मोजणीची पट्टी, परांचीचा सहा मीटरचा पाइप, सगळ्यांचं तेच. फलाटावर शिडी आणायचीच तर लाकडी किंवा फायबरची.

आणि ताडपत्री. मे अखेरीला खाडीवरून वारा सुटतो, तेव्हा कामावरची हिरवी जाळी आणि ताडपत्री हे ठाणे-वाशी पट्ट्यातलं सगळ्यात कमी लेखलेलं संकट असतं. फडफडून सुटली की सरळ तारेवर. मग गाड्या ठप्प, सकाळच्या वेळी दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत लोक लटकलेले. सुतळीने बांधलेली जाळी म्हणजे न बांधलेलीच. मी वळवाच्या आधी सगळी उतरवून घ्यायचो आणि जिथे हवीच तिथे तारेने फ्रेमला शिवून घ्यायचो. दरवर्षी भांडण व्हायचं, दरवर्षी उतरवायचो.

गाडी चालू असताना रुळालगत काम करायची वेळ येते. त्यासाठी एकच आकडा डोक्यात ठेवा. ताशी १०० किलोमीटरची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर येते. माणसाने अवजार उचलून, मागे वळून, सुरक्षित जागी उभं राहायला पंधरा सेकंद धरले तर गाडी ४२० मीटरवर असतानाच इशारा मिळायला हवा. वळणावर, पुलाखाली, पावसात तेवढं दिसत नाही. म्हणून लुकआउटवाला, म्हणजे गाडीवर नजर ठेवून इशारा देणारा माणूस, कामाजवळ उभा करून उपयोग नाही, तो पुढे हवा, आणि त्याच्या हातात फक्त झेंडी आणि शिट्टी हवी. मी लुकआउटवाल्याला घमेलं उचलताना पकडलंय, एकदा नाही, अनेकदा. मुकादमाला तो 'रिकामा' दिसतो ना! मोबाइल तर त्याच्याकडून काढूनच घ्यायचा. मोटरमनला लुकआउटची कॉशन ऑर्डर, म्हणजे सावध राहायची लेखी सूचना, दिली आहे का हेही विचारा, म्हणजे तो आधीपासून हॉर्न देत येतो. आणि गाडी थांबवायचीच वेळ आली तर लाल झेंडी, ती नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरायचे. रात्री पांढरा दिवा जोरात हलवला तरी तो धोक्याचाच इशारा. हे गँगमधल्या प्रत्येकाला करून दाखवायला लावा, नुसतं सांगू नका.

खोदकामाचं थोडक्यात. स्टेशनाच्या आवारात जमिनीखाली सिग्नलच्या, दूरसंचाराच्या आणि विजेच्या केबल असतात. त्यांचे नकाशे असतात, ते नेहमी खरे नसतात. तिन्ही शाखांचा माणूस जागेवर उभा राहून सही करेपर्यंत जेसीबी आत नाही. आधी हाताने चाचणीचा खड्डा. सिग्नलची केबल तुटली तर कोणी मरत नाही असं वाटतं, पण मग सिग्नलशिवाय, हाताने एकेक गाडी सोडावी लागते आणि फलाटावर गर्दी साचते. नवी मुंबईत आणखी एक गोष्ट आहे, खाडीकाठची काळी चिकण माती. ऐरोली-वाशीकडे ती उन्हाळ्यात दगडासारखी उभी दिसते आणि पंप चालवला की दोन तासांत खड्ड्यात उतरते. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला आधाराशिवाय माणूस उतरवू नका. "कालपासून उभीच आहे की" हे कारण नाही.

आता दिवसाचं, कारण याचा तुमच्या साइट इंजिनीअरने उल्लेखच केलेला नाही.

रात्री रुळालगतचं काम होतं, पण पत्र्याचं कुंपण दिवसभर तिथेच असतं. ते कुठे लावायचं हे ड्रॉइंग बघून ठरवतात, फलाटावर उभं राहून नाही. आम्ही एकदा असंच फलाटाच्या टोकाला पत्रे ठोकले. ब्लॉक सोडून दमून बसलो होतो. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, लगेजचा डबा इथंच लागतो. पत्रा तिकडं सरकवा, नाहीतर आम्ही सगळ्या पाट्या घेऊन बायकांच्या डब्यात घुसू, मग बघा." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मोटरमन ठरलेल्या खुणेवरच गाडी लावतो. मालडबा, दिव्यांगांचा डबा, महिलांचे डबे यांच्या जागा ठरलेल्या. त्या जागेसमोर तुम्ही पत्रा लावला की तीस सेकंदांत तीनशे माणसं उलटसुलट धावणार. आम्ही त्याच दिवशी दुपारी पत्रे आठ मीटर सरकवले. तेव्हापासून कुंपण ठरवताना मी सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला एक-एक तास फलाटावर नुसता उभा राहायचो. चहावाल्याला, हमालाला विचारायचो. त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं.

जिन्याचा हिशोबही असाच करा. गर्दीत जिन्याच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला पन्नास-साठ माणसं जातात असं ढोबळ धरा. तीन मीटरचा जिना मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे माणसं उतरवतो. त्यावर अर्धा पत्रा लावून तुम्ही पंच्याहत्तर-ऐंशीवर आणला. समजा एका गाडीतून सहाशे माणसं त्या जिन्याकडे आली, तर जिना रिकामा व्हायला सात-आठ मिनिटं. ठाण्यासारख्या ठिकाणी तोवर पुढची गाडी आलेली असते, आणि पाऊस असेल तर कोणी खाली उतरायला तयारच नसतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर वीसहून अधिक माणसं गेली, ती अशाच अडलेल्या जिन्यावर, पावसातल्या सकाळी. तिथे ना क्रेन पडली, ना परांची. अरुंद जिना आणि माणसं, एवढंच होतं. तुम्ही काम करता तेव्हा चांगल्या रुंद जिन्याचा तसा जिना करता, निदान काही महिन्यांपुरता. म्हणून जिना अर्धा बंद करायचा असेल तर आधी स्टेशन मास्तर आणि आरपीएफशी बोलून, गर्दीच्या वेळी माणूस उभा करून, उद्घोषणा लावून. नाहीतर बंदच नको.

बारीक गोष्टी पटकन सांगतो, कारण त्या करायला सोप्या आणि विसरायला त्याहून सोप्या आहेत. फरशी उखडताना दृष्टिहीनांसाठीची पिवळी उठावाची पट्टी निघते. तिच्या जागी तात्पुरती काहीतरी सोय हवी, तो माणूस रोज त्याच पट्टीवरून चालत आलेला असतो. खड्ड्यावर टाकलेला प्लाय ओला झाला की साबणासारखा, त्यावर वाळू नको, खरखरीत रबर ठोका. इंडिकेटरवर जाळी येऊ देऊ नका. पत्र्याच्या खालच्या कडा दुमडून घ्या, लहान मुलांच्या नडग्या त्याच उंचीवर असतात. आणि फलाटाची कड नव्याने बांधली असेल तर ब्लॉक सोडण्याआधी दोन रुळांच्या मध्यापासून कोपिंगचं, म्हणजे फलाटाच्या कडेच्या दगडाचं, अंतर मोजून घ्या. ते १६७० ते १६८० मिलिमीटर असावं लागतं. एक कोपिंग दोन बोटं पुढे राहिली तर पहिल्याच लोकलचा पायदान तिला शोधून काढतो.

उंचीवरच्या कामात सगळ्यांना हार्नेस दिसला की समाधान होतं. मला होत नाही. हार्नेसची दोरी १.८ मीटर, धक्का शोषणारा भाग उघडला की आणखी सव्वा ते पावणेदोन मीटर, दोरी पाठीवर जिथे अडकते तिथून माणसाच्या पायापर्यंत दीड मीटर, वर थोडं राखीव. बेरीज सहा मीटरच्या आसपास जाते. फलाटाचं छप्पर असतं चार-पाच मीटरवर. हुक पायाशी अडकवलेला माणूस पडला तर दोरी ताणली जाण्याआधी तो फरशीवर पोचतो, सगळे फोटो नियमानुसार असूनही. हुक डोक्यावर अडकवायला जागा करा. छपराच्या तुळयांवर आधी जीवनतार, म्हणजे हुक अडकवायची तार, ओढून घ्या, किंवा दोरी आपोआप मागे ओढून घेणारं रील वापरा. आणि पडलेला माणूस दोरीला लटकला तर त्याला खाली कसं घेणार हे आधी ठरवा. दहा-पंधरा मिनिटं तसाच लटकला तर मांडीच्या पट्ट्यांनीच तो जायची वेळ येते.

क्रेनबद्दल एकच. शंभर टनी क्रेन शंभर टन उचलते ती बूम, म्हणजे क्रेनचा हात, जवळजवळ उभी असताना. हात लांब केला की ताकद झपाट्याने घटते. गर्डर चढवताना क्रेन स्टेशनाबाहेर रिक्षा स्टँडवर आणि गर्डर दोन रुळांपलीकडे, म्हणजे त्रिज्या मोठी. किती अंतरावर किती वजन उचलता येतं ते सांगणारा लोड चार्ट ऑपरेटरच्या केबिनमध्ये असतो, तो बाहेर आणून वाचा. आउटरिगरखाली, म्हणजे क्रेनच्या टेकू देणाऱ्या पायांखाली, गटार आहे का ते बघा. जुन्या स्टेशनांच्या आवारात झाकलेली गटारं कुठून कुठे जातात ते कोणालाच आठवत नाही. धावत्या मार्गांवरून जाणाऱ्या नव्या पुलाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वेच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे रेल्वेचे बॉस त्यांचे बॉस नाहीत. त्यांच्या मंजुरीतल्या अटींची प्रत मागून घ्या. बऱ्याच साइटवर ती कपाटात असते आणि काम वेगळ्याच पद्धतीने चालू असतं.

लांब ब्लॉकबद्दल लोक चिडतात. ३१ मे ते २ जून २०२४ ला ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा माझ्या सोसायटीत मला रोज दोन शिव्या खाव्या लागायच्या, निवृत्त असूनही. पण सेफ्टीच्या नजरेने बघा. त्या कामात रूळ बाजूला सरकवायचे होते आणि आधी तयार करून आणलेले काँक्रीटचे ठोकळे बसवायचे होते. तेच काम दोन-दोन तासांच्या रात्रींत तोडून केलं असतं तर जागा कितीतरी वेळा परत द्यावी लागली असती, आणि प्रत्येक वेळी एक मोजदाद, एक घाई, एक राहिलेला क्लॅम्प. लांब ब्लॉकमध्ये परत देणं एकदाच. त्या तीन दिवसांत लोकांचे हाल झाले हे खरंच आहे. तरी मला विचाराल तर मी लांब ब्लॉकच्या बाजूचा आहे.

माणसं थकतात, हेही सेफ्टीतच येतं. दिवसा तुर्भ्याला काँक्रीट ओतणारी गँगच रात्री तुमच्याकडे ब्लॉकला पाठवतात, कारण मजुरीचा हिशोब तसा बसतो. ब्लॉकआधीच्या बोलण्यात नियम वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येकाला विचारा, "आज दिवसभर कुठे होतास? झोपलास का?" उत्तर द्यायला जो वेळ लावतो तो रात्री तारेखाली जात नाही, खाली सामान मोजतो. पहाटे तीननंतर माणसं बोलायची थांबतात. तेव्हा चहा द्या, आणि तेव्हाच सर्वात जास्त फिरा.

आता सह्यांचं. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखालच्या नियमांत पाचशे कामगार असतील तर सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत बांधकामासाठी हा आकडा अडीचशेवर आला. म्हणून बरेच ठेकेदार काम पाच उपठेकेदारांत वाटतात आणि प्रत्येकाच्या यादीत चाळीस-पन्नासच माणसं दाखवतात. मग तुमच्यासारखा पदविकाधारक सुपरवायझर म्हणून घेतात, आणि कागदावर त्याची सही सगळीकडे दिसते. तुमचं पद लहान आहे, सही लहान नाही. अपघातानंतर पोलीस आधी रजिस्टर उचलतात. रात्री पावणेदोनला अर्थिंग तपासलं असं तुमच्या अक्षरात लिहिलेलं असेल आणि ब्लॉकच सव्वादोनला मिळालेला असेल, तर स्टेशन मास्तरची वही तुम्हाला खोटं ठरवते. तो वेळ तुम्ही लिहिलाच नव्हता, आधी भरलेला होता, हे कोण ऐकणार?

भरलेलं रजिस्टर आलं की भांडू नका, फाडूही नका. त्याच पानावर स्वतःच्या हाताने लिहा, "मी स्वतः तपासलं, वेळ अमुक", आणि जे तपासलं नाही त्यासमोर "पाहिलं नाही" लिहून सही करा. काळ्या शाईत छापून आलेल्या पानावर निळ्या शाईची ती ओळ फार काम करते. दोन आठवड्यांत पानं कोरी यायला लागतात, असा माझा अनुभव आहे. शिवाय एक स्वतःची साधी वही ठेवा, शंभर पानी, रोज तारीख घालून. काम थांबवायला सांगितलं तर कोणाला, किती वाजता, आणि त्याने काय उत्तर दिलं. तोंडी थांबवलंत तर लगेच एक मेसेज रेल्वेच्या सुपरवायझरला आणि साइट इंजिनीअरला एकत्र पाठवा, आरोप न करता, दोन ओळीत: "दोन नंबरच्या बाजूला अर्थिंग रॉड दिसला नाही, माणसं खाली घेतली आहेत, रॉड लागला की चढवतो." यात कोणाचा अपमान नाही, आणि काम थांबवलं नाही असंही कोणी म्हणू शकत नाही.

कधी साइट इंजिनीअर चिडेल. म्हणेल, तू ठेकेदाराचा पगार घेतोस की रेल्वेचा? त्यावेळी वाद वाढवू नका. रेल्वेच्या सुपरवायझरला बाजूला घ्या. त्यालाही जागा परत द्यायची असते, आणि ब्लॉक त्याच्या नावावर असतो. मी त्या जागी असताना ठेकेदाराचा सेफ्टीवाला अशी तक्रार घेऊन आला, तर मला वरवर राग यायचा आणि आतून हायसं वाटायचं.

पहिल्या रात्री जाताना तीन गोष्टी खिशात ठेवा. टॉर्च, पाच मीटरची टेप आणि शिट्टी. टॉर्चचे सेल नवे घाला. स्टेशन मास्तरच्या खोलीत जाऊन नमस्कार करा, नाव सांगा, आणि त्यांचा फोन नंबर मोबाइलमध्ये न ठेवता वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, कारण मोबाइल पहाटे तीनला नेमका बंद पडतो. आणि मुकादमाला आधीच सांगून ठेवा की जेवणाच्या पिशव्या रुळापलीकडे.